धनेशच्या नावाचा नारळ

मी पेपर विकतो, त्यामुळे जग बुडणार आहे हे मला बाकीच्यांपेक्षा दोन तास आधी कळतं. कट्टा गावात एसटी थांब्याच्या बाजूला माझं दुकान आहे. सकाळी गठ्ठे आले की ते सोडता सोडता मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचून काढतो. गिऱ्हाइकाच्या हातात पेपर देतानाच त्यातलं वाईट तेवढं सांगून टाकायची मला खोड आहे. युद्ध कुठवर आलं, समुद्र किती चढला, यंदा मोहोर कसा करपणार, कुठल्या देशात किती माणसं मेली. लोक हसतात. "महादूकाका, आज काय बुडला?" असं विचारतात आणि उत्तर ऐकून पेपर न उघडताच काखेत मारून निघतात. मला त्यात मोठेपणा वाटायचा. वाईट बातमी आधी कळलेला माणूस शहाणा, आणि बाकीचे आपले उगाच खुशीत आहेत, असं मी तीस वर्षं मनात धरून होतो.

माझं दुसरं काम वाडवडिलांकडून आलेलं. आमचं गाव कट्ट्यापासून पाच किलोमीटर आत. तिथे रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझा आवाज चांगला आहे, आणि अर्धा अर्धा तास मी कुठेही अडखळत नाही. माझी बायको नर्मदा यावरून मला टोमणे मारते. "दुकानात सगळा बुडाला म्हणतास आनि देवासमोर सगळा बरा कर म्हणतास. देव गोंधळात पडत आसतलो." मी तिला सांगायचो की ते काम वेगळं आणि हे वेगळं. खरं सांगायचं तर गाऱ्हाणं मी घालायचो ते मान म्हणून. त्यातलं काही होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्या गावात आणखी एक रीत आहे. ज्या घरातला मुलगा बोटीवर असेल त्या घरची बाई जत्रेच्या आदल्या दिवशी आपल्या घरचा एक नारळ माझ्याकडे आणून देते आणि मुलाचं नाव सांगते. जत्रेदिवशी सकाळी अकराला मी एकेक नाव घेतो, सगळं गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं आणि त्या नावाचा नारळ फुटतो. एक वाटी देवाला राहते, दुसरी त्या आईच्या हातात जाते. यंदा अकरा नावं होती. मी ती कधी कागदावर लिहीत नाही. माझ्या स्मरणशक्तीचा मला तेवढाच गर्व आहे जेवढा आवाजाचा.

अकरातलं सातवं नाव धनेशचं. तो आमच्या समोरच्या घरातला. त्याचे वडील गंगाराम माझे चुलतभाऊ, माझ्याहून मोठे, सहा वर्षांपूर्वी गेले. घरात त्याची आई सत्यवतीवयनी एकटी असते. धनेश मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला आहे आणि ही त्याची तिसरी खेप होती. आखाताच्या पलीकडच्या समुद्रात त्याच्या जहाजावर ड्रोन येऊन पडला तो जत्रेच्या पाच दिवस आधी. जहाज जळालं. बावीसपैकी तेरा माणसं सापडली, नऊ सापडली नाहीत, आणि धनेश त्या नवांत होता.

त्यानंतर रोज अकराच्या सुमारास मी दुकान मिटून घरी आलो की सत्यवतीवयनी पायरीवर उभी असायची.

"भावजी, काय लिवल्यानी?"

"शोध चालू आसा, वयनी."

"मगे गावात." सापडेल, एवढंच म्हणायची आणि आत जायची. रडत नव्हती. चौथ्या दिवशी, जत्रेच्या आदल्या संध्याकाळी, ती नारळ घेऊन आली. तिच्या परसातल्या बुटक्या माडाचा नारळ, आकाराने लहान, लांबट, शेंडीजवळ तांबूस. त्यावर तिने हळदीचं बोट ओढलं होतं. "धनेश गंगाराम," तिने मला पूर्ण नाव सांगितलं, जणू मला ते माहीत नव्हतं. मी नारळ घेतला.

जत्रेच्या सकाळी पेपरात सातव्या पानावर चार ओळी होत्या. जळालेल्या जहाजावरील बेपत्ता नऊ जणांचा शोध थांबवण्यात आला असून कोणी जिवंत असण्याची शक्यता नाही, असं त्या देशाच्या नौदलाने सांगितलं होतं. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. गिऱ्हाइकं आली, "आज काय बुडला?" म्हणाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी काही बोललो नाही. आमच्या गावात जाणारे चौदा पेपर मी गोणपाटाखाली सारून ठेवले. गावात कोणी विचारलं तर आज गठ्ठा चुकला म्हणून सांगायचं ठरवलं. आपण फार दयाळूपणा करतो आहोत असं मला त्या वेळी वाटलं. फोन घरोघर आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

देवळात पोचलो तेव्हा माणसं जमली होती. अकरा नारळ माझ्यासमोर ओळीने मांडलेले होते. मी सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे उभा आसा..." शेती झाली, गुरं झाली, मुंबईकडची माणसं झाली, गोव्याला कामाला जाणारी पोरं झाली. मग मी बोटीवरच्या नावांकडे वळलो. एक नाव, एक "व्हय म्हाराजा", एक नारळ, आणि दर नारळाला ढोल. सहावं नाव ओंकारचं. त्याचा नारळ फुटला.

आणि मी थांबलो.

किती वेळ थांबलो ते सांगता येत नाही. एक श्वास असेल, दोन असतील. सातवा नारळ माझ्या पायाशी होता, हळदीच्या बोटाचा. माझ्या डोक्यात त्या चार ओळी होत्या. जिवंत माणसांसाठी मागायचं असतं. जो नाही त्याचं नाव ह्या ओळीत घेणं म्हणजे देवासमोर खोटं बोलणं, असं मी स्वतःला सांगितलं. मला खरं माहीत होतं आणि मी ते जपत होतो. मी सातवा नारळ पायाने हळूच मागे सारला आणि आठवं नाव घेतलं, समर्थचं. गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

बायकांच्या घोळक्यात सत्यवतीवयनी पहिल्या ओळीत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

गाऱ्हाणं संपल्यावर आया वाट्या घ्यायला पुढे आल्या. मी एकेकीला देत गेलो. सत्यवतीवयनी आली तेव्हा माझ्या हातात तिला द्यायला काही नव्हतं. देवापुढच्या ताटात दहा वाट्या होत्या. त्यातली एक मी उचलली आणि तिच्या हातात ठेवली. म्हणजे देवाकडून काढून घेतली आणि एका आईला खोटी दिली.

तिने वाटी पाहिली. अंगठा कडेवरून फिरवला. मग वर पाहिलं.

"धनेशाचा नाव घेतलास मां, भावजी?"

"घेतलंय," मी म्हणालो. "ढोलांच्या आवाजात तुका आयकाक येवक नाय."

तिने मान हलवली, वाटी पदराखाली धरली आणि गेली.

न फुटलेला नारळ मी पिशवीत घालून आणला. घरी ठेवायची हिंमत झाली नाही, कारण नर्मदेला माझ्या तोंडावरचं सगळं वाचता येतं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात नेला आणि रद्दीच्या गठ्ठ्यामागे ठेवला. रोज सकाळी पेपर सोडताना तो मला दिसायचा. हळदीचं बोट सुकून फिकट झालं होतं.

मला वाटलं होतं वयनीला एकदोन दिवसांत कळेल, ती रडेल, आम्ही सगळे तिच्याकडे बसू, आणि त्या रडण्यात माझी चूक वाहून जाईल. तसं काही झालं नाही. गावात सगळ्यांना कळलं होतं. तिच्यासमोर कोणी बोलत नव्हतं. आणि ती मला काही विचारेनाशी झाली. अकराला मी यायचो तेव्हा ती पायरीवर नसायची. ती शेतात असायची. भात काढून झालेल्या कुणग्यात तिने कुळीथ पेरायला घेतले. त्यासाठी मसुऱ्याला माहेरी जाऊन बियाणं घेऊन आली.

"ह्या वर्सा कित्याक गो एवढे?" नर्मदेने तिला दगडी गडग्यावरून विचारलं. "एकट्या माणसाक किती लागतत?"

"धनेशाक कुळथाची पिठी आवडता," वयनी म्हणाली. "तो येयसर तयार जातले." म्हणजे तो येईपर्यंत.

नर्मदा आत येऊन जी रडायला लागली ती बराच वेळ थांबली नाही. मी मात्र चिडलो. मला खरंच राग आला. ह्या बाईला कळत नाही का, असं मी मोठ्याने म्हणालो. जगात काय चाललंय, माणसं कशी मरतायत, आणि ही कुळीथ पेरते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की हा राग तिच्यावरचा नाही. तिला वाटत होतं की तिच्या मुलाचं नाव देवाच्या कानावर गेलंय. ती त्या भरवशावर रोज उठत होती, आणि तो भरवसा मी तिला दुसऱ्याच्या नारळाची वाटी देऊन दिला होता. रोज ती जेवढी ताठ दिसायची तेवढा मी आत वाकत होतो. जेवण जाईना. दुकानात मी बातम्या सांगायचं सोडलं. लोकांना वाटलं माझा घसा बसलाय.

सहाव्या दिवशी मला राहवेना. दुपारी एकला, देवळात कोणी नसताना, मी नारळ घेऊन गेलो. आता घालतो गाऱ्हाणं, ठरवलं. उशिरा का होईना. देवासमोर उभा राहिलो, नारळ हातात घेतला. "बा देवा रवळनाथा," म्हणालो. आवाज देवळात घुमला आणि परत आला. पुढे नाव घ्यायचं होतं, आणि त्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायला कोणी नव्हतं. गाऱ्हाणं एकट्याचं होत नाही. मीच मागायचं आणि मीच हो म्हणायचं, हे मला सहन होईना. शिवाय मनातून मला अजूनही वाटत होतं की धनेश मेलाय. विश्वास नसताना नाव घ्यायचं तर ते फक्त माझं ओझं उतरवण्यासाठी झालं असतं. मी नारळ परत पिशवीत टाकला आणि कट्ट्याला येऊन रद्दीमागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जहाज जळाल्यापासून बाराव्या दिवशी, दहा वाजता नर्मदेचा फोन आला. ती इतकी धापा टाकत होती की मला वाटलं वयनीला काही झालं.

"धनेश गावलो," ती म्हणाली. "जिवंत आसा. हास्पिटलात आसा. तुमी येवा."

एका मासेमारी होडीला रबरी तराफा दिसला होता आणि त्यावर तीन माणसं होती. ही बातमी पेपरात यायला अजून एक दिवस होता. तीस वर्षांत पहिल्यांदा पेपरच्या आधी मला चांगली बातमी कळली होती, आणि मी दुकानाच्या स्टुलावर बसून राहिलो. आनंद झाला का? झाला. खरंच झाला, डोळ्यांतून पाणी आलं. पण त्याच्याच पाठोपाठ रद्दीमागचा नारळ दिसला. मी जत्रेच्या दिवशी ज्याला मेलेल्यांत ढकललं, तो त्या क्षणी पाण्यावर जिवंत होता.

तीन दिवसांनी त्याने व्हिडिओ कॉल केला. वयनीकडे साधा फोन, म्हणून तिच्या घरापुढच्या खळ्यात दीपेशने आपला मोबाइल खुर्चीवर टेकवून ठेवला. तो धनेशचा शाळेपासूनचा दोस्त. अर्धं गाव जमलं होतं. धनेशचा चेहरा काळा पडला होता, ओठ सोललेले, आवाज बारीक. सगळ्यांनी पाठोपाठ विचारून घेतलं. पाणी कुठलं प्यायलास, खाल्लंस काय, झोपत होतास का. त्याने हळूहळू सांगितलं. तराफ्यावर तो होता, एक फिलिपिन्सचा खलाशी होता आणि एक बिहारचा मुलगा. बिस्किटं होती, थोडं पाणी होतं. पाचव्या दिवशी तिघांनीही बोलणं सोडलं होतं.

"तेवा माका आठावला," धनेश म्हणाला. "आज आपली जत्रा. घड्याळ हाताक होता. थंय साडेआठ झाले म्हणजे आपल्याकडे अकरा. मी त्या दोघांक सांगलंय, आता माज्या गावात सगळी मानसां जमली आसत आनि आमचो काका देवासमोर माजा नाव घेता. आता घेतलो आसतलो. तुमी पन म्हणा, व्हय म्हाराजा. तेंका काय्येक कळला नाय, पन म्हटल्यानी. तिगांनी म्हटला. मगे रोज साडेआठाक म्हणत होतंव. फिलिपिन्सवालो तर मोठ्यान म्हणी."

 नर्मदा पदर डोळ्यांना लावून उभी होती. मग धनेशने पडद्यावर इकडेतिकडे पाहिलं.

"महादूकाका खंय आसत? काका, माजा नाव कितव्या नंबराक घेतलास? साडेआठाकच मां?"

सगळ्यांनी मला पुढे ढकललं. पाठीवर हात ठेवले. मी खुर्चीसमोर उभा राहिलो आणि माझं तोंड उघडेना. गावासमोर अर्धा तास अडखळत नाही म्हणणारा मी, एक शब्द बाहेर काढू शकलो नाही. लोकांना वाटलं गहिवर आलाय.

"सातव्या नंबराक," माझ्या मागून वयनीचा आवाज आला. "येळेवर."

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मुलाकडे बघत होती.

माणसं पांगल्यावर मी सायकल काढली, कट्ट्याला जाऊन नारळ आणला आणि तिच्यासमोर ठेवला. ती खळ्यात सुपारी कातरत बसली होती.

"वयनी, मी नाव घेतलंय नाय," मी म्हणालो. "खोटा बोललंय. पेपरात वाचलंय, शोध थांबवल्यानी म्हणान. माका वाटला..." 

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

तिने अडकित्ता खाली ठेवला. "माज्या माडाचो नारळ माका कळाचो नाय? तुमी दिलास ती वाटी दांडग्या नारळाची होती."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"जत्रेच्या आदल्या रातीक बोटीच्या हापिसातल्या मानसाचो माका फोन इल्लो. तुमी वाचलास तां माका तुमच्या आधी कळला होता."  ती शांतपणे पुढे बोलत होती. "तरी मी देवळात इलंय. म्हटला, नाव तरी जावने देवाच्या कानार. ओंकाराचा नाव झाला आनि तुमी थांबलास. मी तुमच्या तोंडाक बगलंय, माका कळला तुमी घेनार नाय. मगे मीच घेतलंय मनातल्या मनात. व्हय म्हाराजा पन मीच म्हटलंय. तोंड उघडला आसता तर सगळ्या गावान देवासमोर माज्या झिलाक मेलो धरल्यान आसता. तुमी एकट्यान धरलास, तेवढाच बरा."

तेवढंच बरं. ती हे रागाने म्हणाली नाही, आणि त्यामुळेच ते मला अजून टोचतं. म्हणजे ते कुळीथ तिने माझ्या खोट्यावर पेरले नव्हते. सगळं माहीत असून पेरले होते. मी थांबलो तेवढ्या दोन श्वासांत इकडे ती आणि तिकडे पाण्यावर ती तिघं, चौघांनी एका नावाला हो म्हटलं होतं. ते नाव घेणं माझं काम होतं.

"माका माफ कर, वयनी."

"माका कित्याक सांगतास? येवंदे तेका. तेका सांगा." तिने नारळ उचलून परत माझ्या हातात दिला. "मी सांगूचंय नाय. आनि ह्यो तुमच्याकडेच ठेवा."

धनेश यायला आणखी बारा दिवस लागले. ते बारा दिवस मी रोज सकाळी नारळ कानाशी धरून हलवत होतो. आत पाणी वाजत होतं. आणि रोज एक वाक्य पाठ करत होतो. धनेशा, तुझं नाव मी घेतलं नव्हतं. एवढंच वाक्य. त्यातही मी अडखळायचो.

सोमवारी तो आला. मंगळवारी सकाळी देवाला नमस्कार करायला आईबरोबर देवळात गेला, आणि मी आणि नर्मदा तिथे आधीच जाऊन थांबलो होतो. नर्मदेला आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, त्यानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती. धनेश वाकून माझ्या पाया पडायला आला तेव्हा मी त्याचे खांदे धरले आणि वाक्य बोलून टाकलं. नारळ त्याच्या हातात दिला. सातव्या पानावरच्या चार ओळी, पायाने मागे सारलेला नारळ, खोटी वाटी, काही लपवलं नाही.

त्याने नारळ फिरवून हळदीचं फिकट बोट पाहिलं.

"मगे आमी तिगां व्हय म्हटला तां कोणाक?" त्याने विचारलं.

  त्याने मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि रागावलाही नाही. तो फक्त थकल्यासारखा देवळाच्या पायरीवर बसला. मग त्याने नारळ हलवून पाहिला.

"पानी आसा अजून."

"आसा."

"मगे फोडा, काका. पन माजा नाव नको. मी इलंय." त्याने नारळ माझ्यासमोर ठेवला. "आमी नऊ जाण होतंव. तिगां इलंव. सहा जाण अजून थंयच आसत. तेंची नावां कोण घेतलो? तेंच्या गावात गाऱ्हाणा घालणत नाय."

माझ्या ओठांवर आलं होतं, की धनेशा, आता चार आठवडे झाले. त्या सहांबद्दल पेपरात एक ओळसुद्धा येत नाही आता. मला माहीत होतं त्यांचं काय झालं असणार. आणि मग मला माझीच लाज वाटली. धनेशचंही मला असंच माहीत होतं.

मी देवासमोर उभा राहिलो. धनेश खालून एकेक नाव सांगत गेला आणि मी ते मोठ्याने म्हणत गेलो. बा देवा रवळनाथा, तुझ्या गावचे नाहीत, पण दर्यावर आहेत. रमाकांत. सेल्वम. इब्राहिम. डॅनिलो. अरविंद. एक नाव माझ्या जिभेला बसेना, ते मी दोनदा विचारून घेतलं. मिखाइल. प्रत्येक नावाला मागून तीन आवाज आले. "व्हय म्हाराजा." धनेशचा, वयनीचा आणि नर्मदेचा. मला विश्वास होता का? नव्हता. पण ह्या वेळी मी तो असायची वाट पाहिली नाही.

नारळ फुटला. एक वाटी देवाकडे ठेवली आणि दुसरी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. ती आईला द्यायची असते. सहा आया कुठे होत्या, त्यांना कोणी काय कळवलं होतं, काहीच ठाऊक नव्हतं.

सत्यवतीवयनीने पदर पुढे केला. "द्या हडे," ती म्हणाली. वाटी तिने पदरात घेतली, तिच्या बुटक्या माडाची, लहान, लांबट. मग निघताना वळली. "आनि फाल्या सकाळी गाऱ्हाणा परत घाला. नारळ नसलो तरी चलात. नावां चुकवू नकात."

दुकानात येऊन मी ती सहा नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. नावांसाठी मला आजवर कधी कागद लागला नव्हता, पण आता माझ्यावर माझाच भरवसा उरलेला नाही. रोज गठ्ठे सोडायच्या आधी ती मी एकदा वाचतो, आणि मग पेपर उघडतो.